भाताला झाले, ज्वारीला केव्हा?



पावसाने ओढ दिली की आपण आभाळाकडे पाहतो. झाड मात्र कामाला लागते. पानांवरची रंध्रे मिटते, मुळ्या ओलीच्या मागे खोल सोडते. कोणते काम केव्हा आणि किती करायचे, हे ठरवतात पेशीतली नियामक प्रथिने. जनुके म्हणजे मजुरांची टोळी, ही प्रथिने म्हणजे मुकादम. पानाला बुरशी शिवली तर संरक्षणाच्या जनुकांना हाक देणारी प्रथिनेही अशीच.

पण काही मुकादम कामाला आडवे येतात. भातातले 'डीएसटी' हे प्रथिन ताण सोसण्याची तयारी रोखून धरते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० या वाणातले त्याचे जनुक निकामी केले. पानावरची रंध्रे घटली, पानात पाणी जास्त टिकले. ४ मे २०२५ रोजी 'पुसा डीएसटी राइस १' हे वाण जाहीर झाले. बाहेरचे जनुक नसलेल्या अशा वाणांना केंद्राने २०२२ मध्येच जनुकबदलाच्या अनेक कडक अटींतून सूट दिली आहे.

म्हणजे ज्ञान आहे, वाटही मोकळी आहे. मग आमचे पीक मागे का? मालदांडी सारी रब्बी जमिनीतल्या ओलीवर काढते. आमच्या कपाशीची भिस्त पावसावरच. ताण सोसण्याचे शास्त्र आधी आमच्या रानात यायला हवे होते.

हुरळून मात्र जायचे नाही. रंध्रे मिटली की पाणी वाचते, पण पानाला हवेतून मिळणारे अन्नही घटते. संरक्षणाची हाक सतत चालू राहिली तर झाड खुरटते. पडत्या वर्षी तगणारे वाण चांगल्या वर्षी उत्पन्नात मार खाऊ शकते. नव्या भाताच्या चाचण्यांच्या आकड्यांवरही २०२५ मध्येच आक्षेप घेतले गेले. संशोधन परिषदेने ते फेटाळले. वाद मिटवायचा तर आकडे उघडे ठेवा.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ज्वारी आणि कपाशीवर हे काम सरकारी संस्थांनी हाती घ्यावे. चाचण्या आमच्या कोरडवाहू शिवारात, बऱ्या-वाईट दोन्ही वर्षांत व्हाव्यात. आकडे मराठीत छापावेत. बियाणे घरी राखण्याचा हक्क शाबूत राहावा.

कोणतेही प्रथिन पाऊस पाडणार नाही. आहे ती ओल पुरवून वापरणारे वाण मिळाले, तरी कोरडवाहू शेतकऱ्याला पुष्कळ झाले. ते मागायला आपणच उठले पाहिजे.