महासभेविना पाच वर्षे

2025 सालचा हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत लोकांनी निवडून दिलेली महासभा नसण्याला पाच वर्षे पुरी होत आलेली असतील. शेवटची निवडणूक 1 नोव्हेंबर 2015 रोजी झाली. त्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि तेव्हापासून पालिकेवर प्रशासक आहे. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासक म्हणून ते मंजूर करायचे, ही दोन्ही कामे एकच अधिकारी करतो. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम 243-यू स्पष्ट सांगते. आधी करोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला. आता सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2026 ही अखेरची मुदत घालून दिली आहे.

कथा-कवितांच्या अंकाची सुरुवात पालिकेच्या हिशेबाने का, असे काही वाचक विचारतील. याच डोंबिवलीने 2017 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी गर्दी आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा यांचा आम्हाला अभिमान आहे. पण याच शहराच्या नळाला पाणी किती वेळ येते, आपल्या दारचा कचरा जातो कुठे, याविषयी आम्ही लेखणीवाले फार कमी बोललो. निवडणूक तोंडावर आली असताना तरी ते बोलले पाहिजे.

आधारवाडीच्या कचराभूमीचीच गोष्ट घ्या. ओला-सुका न निवडलेला सगळा कचरा वर्षानुवर्षे तिथे ओतला गेला. घनकचऱ्याचे नियम 2000 साली आले, तरी ढीग वाढतच राहिला. उन्हाळ्यात तो पेटायचा आणि कल्याण पश्चिमेच्या घरांत धूर शिरायचा. अखेर एप्रिल 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पालिका हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती जवळपास वर्षभर टिकली. वाढत्या उपनगराच्या तिजोरीत विकास शुल्काचा वाटा मोठा असतो. परवानग्या थांबल्या की तो आटतो. कचऱ्यावर वेळीच खर्च केला असता तर हे नुकसान टळले असते. ज्या पैशातून रस्ते आणि जलवाहिन्या व्हायच्या, तो असा उकिरड्याच्या खटल्यात गेला, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

पुढे काम झाले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. वेंगुर्ल्यात कचऱ्याचे रूप पालटून दाखवणारे रामदास कोकरे इथे उपायुक्त म्हणून आले. मे 2020 पासून वर्गीकरणाची मोहीम सुरू झाली आणि 2021 मध्ये आधारवाडीला नवा कचरा जाणे थांबले. त्यातला मोठा टप्पा प्रशासकांच्या काळातच पार पडला. नगरसेवक नव्हते म्हणून हे जमले, असे म्हणणारे लोक आम्हाला भेटतात. त्यांचा वैताग खरा आहे, निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही. चांगला अधिकारी बदलून जातो. त्याने सुरू केलेले काम पुढे का मंदावले, कचऱ्याचे उपभोक्ता शुल्क किती असावे, ठेका कोणत्या अटींवर दिला, हे भर सभेत विचारायला आज कुणीच नाही.

पालिका हद्दीतल्या सत्तावीस गावांच्या वाट्याला आलेले हाल याहून कठीण आहेत. 1983 साली पालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्यात आली. 2002 मध्ये ती बाहेर काढली. जून 2015 मध्ये पुन्हा घेतली. जून 2020 मध्ये त्यांतली अठरा वगळण्याची अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. निळजे, भोपर, संदप, हेदुटणे, दावडी इथल्या माणसाने दाखल्यासाठी कोणत्या कचेरीत जायचे, हे अशा प्रकारे पुन्हा पुन्हा बदलत राहिले. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय असलेल्या घराला पालिकेच्या कराचे बिल आले. त्या बिलाइतकी सेवा आली नाही. एकीकडे कर भरणार नाही म्हणून आंदोलने, दुसरीकडे थकबाकीवर चढणारी महिना दोन टक्क्यांची शास्ती, आणि मग ती माफ करणाऱ्या अभय योजना. वेळेवर कर भरणाऱ्याला अशा योजनांतून काहीच मिळत नाही, उलट थांबणाऱ्याचा फायदा होतो. या योजना थांबल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे. पण त्याआधी गावांत पाणी पोहोचले पाहिजे.

मे 2022 मध्ये संदपजवळच्या खदाणीवर कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत मुले होती. महानगरपालिकेच्या हद्दीत, भर मे महिन्यात, बाईमाणसाला कपड्यांचे गाठोडे घेऊन खदाणीच्या काठावर जावे लागते, याचे उत्तर कोणत्याही अंदाजपत्रकाच्या शिलकीत सापडणार नाही. महासभा असती तर निदान तहकुबी मांडली गेली असती, आयुक्तांना उभे राहून उत्तर द्यावे लागले असते, आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले असते.

कोर्टाच्या फायलींत बेकायदा बांधकामांची फाइल सर्वांत जाड आहे. 2004 सालच्या जनहित याचिकेच्या निमित्ताने जो आकडा पुढे आला, तो 67 हजारांच्या वर होता. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने 65 इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या इमारतींना महारेराची नोंदणी मिळवली गेली होती, आणि ती नोंदणी पाहून बँकांनी कर्जे दिली. घर घेणाऱ्याने आणखी काय तपासायचे? बेकायदा घरालाही पालिका कर लावते, आणि कर भरला म्हणून घर कायदेशीर होत नाही, असेही सांगते. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. तरी दरवर्षी पावती घेणाऱ्या कुटुंबाच्या मनात त्या पावतीने जो विश्वास बसतो, त्याची जबाबदारी पालिकेला झटकता येणार नाही.

या सगळ्यामागे पैशाचे एक मूळ आहे. जकात गेली, मग स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यावर राज्य सरकारकडून भरपाई सुरू झाली, दरवर्षी आठ टक्के वाढीच्या हमीसह. हक्काचा मोठा कर हातून गेल्यावर पालिकेची मान मंत्रालयाकडे वळली. विकास शुल्क सोडले तर मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एवढेच काय ते ठोस उत्पन्न तिच्या हातात उरले, आणि तेही नीट वसूल होत नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत 18 कामांची यादी आहे; त्यांतली बरीच कामे अशा तिजोरीवर चालवायची आहेत.

म्हणून या अंकात आम्ही पालिकेच्या अंदाजपत्रकावर एक स्वतंत्र विभाग ठेवला आहे. वाचकांनी तो वाचावा आणि जानेवारीत दारात येणाऱ्या उमेदवाराला पाण्याच्या तासांविषयी, आपल्या प्रभागातल्या थकबाकीविषयी, पालिका वकिलांवर करत असलेल्या खर्चाविषयी विचारावे. सत्तावीस गावांतल्या वाचकांनी तर आधी त्याला टाकीतले पाणी दाखवावे.