निकामी सेलांचा वाली कोण?

कॉर्डलेस ड्रिलच्या जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये नवे सेल बसवून ते यंत्र पुन्हा कामाला लावणाऱ्या कारागिराने, उतरवलेले सेल द्यावेत कोणाला आणि हा उद्योग करीत असता कायद्याच्या दृष्टीने तो ठरतो तरी कोण, अशा आशयाची पत्रे आमच्या दफ्तरी एकसारखी येत आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले, शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते असलेले २००१ चे नियम मोडीत काढले आणि हातयंत्रांतील लहान पॅकही कक्षेत घेतले, ही गोष्ट स्वागतार्हच होती. कारण कॅडमियम हे विष आहे आणि ते उकिरड्यावर जाता कामा नये, याविषयी ह्या धंद्यातल्या कोणाही जाणत्या माणसाचे दुमत असणार नाही.

परंतु अठरा व्होल्टच्या पॅकमधील पंधरा सेलांपैकी दोनतीन आतून शॉर्ट झाले, एवढ्याच कारणाने आर्मेचर, गिअर बॉक्स आणि चक शाबूत असलेले यंत्र भंगारात जावे, हेही कोणास पटणार नाही. सेवाकेंद्रात चौकशी करावी, तर तो पॅक केव्हाच बंद झालेला असतो. युरोपीय संघाने २०१६ च्या अखेरीस कॉर्डलेस हातयंत्रांतील कॅडमियमला मज्जाव केला, आणि मोठ्या कंपन्या तर त्यापूर्वीच लिथियमकडे वळल्या होत्या. अर्थात ते यंत्र आपल्याच बाकावर येते.

येथून खरी अडचण सुरू होते. बॅटरी गोळा करण्याचे उत्तरदायित्व नियमांनी उत्पादकावर टाकले आहे आणि बॅटरीचे नूतनीकरण करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी, असे फर्माविले आहे. आता गिऱ्हाइकाचाच पॅक उघडून, सेल बदलून, त्याचा त्यालाच परत देणारा मनुष्य ‘नूतनीकरण करणारा’ की केवळ दुरुस्तीदार? आमचा एक वाचक हा प्रश्न घेऊन एका कचेरीची पायरी चढला, तेव्हा एका मेजावर त्यास नोंदणीची दरखास्त करण्यास सांगण्यात आले. शेजारच्या मेजावर, तुम्हाला नोंदणीची गरजच नाही, असा निर्वाळा मिळाला. आणि हाच निर्वाळा लेखी द्यावा, अशी विनंती करताच दोन्ही मेजांनी हात वर केले. पुढे संकलन केंद्राने त्याचे सेल नाकारले, कारण तो घरगुती ग्राहकही नव्हता आणि नोंदणीकृत व्यावसायिकही नव्हता. ते सेल आज त्याच्या बाकाखाली रंगाच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत. कित्येकांच्या तोंडाशी दाहक पोटॅशचा पांढरा थर चढला आहे, आणि बाकापलीकडेच त्याची मुले अभ्यासाला बसतात. ज्याने कायदा पाळण्यासाठी स्वतः होऊन पाऊल उचलले, त्याच्याच घरात विष मुक्कामास राहावे, ही अंमलबजावणीची रीत अक्षम्य आहे. एका पानाचे परिपत्रक काढून हा प्रश्न निकालात निघण्यासारखा आहे, आणि ते काढण्यास मंडळाला कोणती हरकत आहे, हे आम्हांस समजत नाही.

अधिकाऱ्यांना दोष देताना आपल्या मंडळींकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नऊ हजार नऊशे मिलिअँपिअर-तास असा छाप असलेले लिथियमचे १८६५० सेल आणून ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे आपल्यातच आहेत. ह्या मापाच्या उत्तम सेलाची क्षमताही साडेतीन हजारांच्या आसपासच थांबते. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या घरात भरतो, आणि तोतया काट्यावर ठेवताच हलका भरतो, एवढी परीक्षाही कोणी करीत नाही. त्याहून घातक प्रकार चार्जरचा. निकेल-कॅडमियमच्या जागी बसवलेला पाच लिथियम सेलांचा पॅक एकवीस व्होल्टवर भरतो आणि तेथे चार्जिंग थांबलेच पाहिजे. निकेल-कॅडमियमचा जुना चार्जर ही मर्यादा जाणत नाही, तो प्रवाह रेटीतच राहतो. पॅकमधील संरक्षक सर्किट (बीएमएस) प्रवाह तोडील, ह्या भरवशावर तोच चार्जर गिऱ्हाइकाच्या हाती परत देणे म्हणजे त्याच्या घरास आग लावण्याची तजवीज करणे होय. सेलावर थेट डाग देऊन जोड करणाऱ्यांनी आणि मोटर अडकली असता किती अँपिअर खेचते हे न पाहता लॅपटॉपमधून काढलेले सेल भरणाऱ्यांनी हे काम आजच सोडावे. त्यांच्या एका दुर्घटनेने साऱ्या धंद्याच्या दारास कुलूप लागेल.

तेव्हा बंधूंनो, आता गाऱ्हाणी पुरे! उतरवलेल्या प्रत्येक सेलाच्या दोन्ही टोकांस चिकटपट्टी लावा, झाकणाच्या कोरड्या प्लास्टिक डब्यात ठेवा, डब्यास कुलूप घाला, आणि तारीख, जात व नग यांची नोंद वहीत करा. महिनाअखेरीस त्या नोंदीची नक्कल, हे सेल कोणाकडे सुपूर्द करावेत अशा एका ओळीच्या पृच्छेसह, आपल्या विभागाच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयात दाखल करा. टपालाने नव्हे, समक्ष जाऊन, शिक्क्याची पोच घेऊन. पोचेची छायाप्रत आमच्याकडे पाठवा. ज्या कार्यालयाकडून लेखी उत्तर येईल त्याचे उत्तर, आणि जेथून येणार नाही त्या कार्यालयाचे नाव, आम्ही पुढील अंकापासून दरमहा ह्याच पानावर छापणार आहोत.