परंपरेला विचारा: पुरावा कुठे आहे?

महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादी वहिवाट आहे, असा दावा सनातन्यांनी १९२७ मध्ये कोर्टात केला. बाबासाहेब माघारले नाहीत. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. 'परंपरा' पुराव्यापुढे टिकली नाही!

आणि आज आपण काय करतो? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलतो. समोरच्याने पुरावा मागितला की आपली पंचाईत होते.

मित्रांनो, ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जाऊन बसायला शिकूया. आपल्या जिल्ह्याचे जुने गॅझेटियर मागूया. महाड ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्याचे १८८३ सालचे आहे. एन्थोवेन यांचे जातीजमातींवरील तीन खंड, जनगणनेचे अहवाल चाळूया. गाव, पाणवठा, वतन, जत्रा यांच्या नोंदी साल आणि पान क्रमांकासह वहीत उतरवूया.

पण छापले म्हणजे खरे, असे नाही. गॅझेटियर इंग्रजांनी कारभारासाठी लिहिले. त्यात आपली नोंद आहे, आपला आवाज नाही. तो आवाज 'बहिष्कृत भारत'च्या अंकांत आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहूया.

घोषणा मोर्चात हवीच. पण वादात पान क्रमांक लागतो. आपण तो शोधला नाही, तर आपल्या गावाचा इतिहास पुन्हा दुसराच कोणी लिहील.

जय भीम!