लग्न कोणाच्या मापाने मोजावयाचे?

डोणगावात लग्न झाले याला साक्ष कोणाची? मांडवात अक्षता टाकणाऱ्या गावाची. शिवाय ग्रामपंचायतीत नोंदणी होते. परदेशातील पतीकडे निघालेल्या मुलीला मात्र एवढे पुरत नाही. व्हिसा अधिकारी छायाचित्रे, पत्रव्यवहार, संयुक्त बँक खाते मागतो.

असा प्रसंग १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत आला होता. बाई मरियम पतीकडे राहावयास आल्या. केपच्या न्यायालयात न्या. सर्ल यांनी त्यांना पत्नी मानण्यास नकार दिला. कारण, बहुपत्नीत्वाची मुभा असलेल्या धर्माच्या विधीने झालेले लग्न कायद्याला मान्य नव्हते. एका निकालाने हिंदू, मुस्लिम, पारशी संसार बेकायदा ठरले! गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्या यामुळे. कस्तुरबाही तुरुंगात गेल्या. इकडे गोखल्यांनी लढ्यासाठी निधी जमविला.

बनावट लग्ने होतात, तेव्हा चौकशी गैर नाही. पण ती परक्या रीतीच्या मापाने झाली, तर प्रामाणिक दांपत्यच अडकते. १९१४ च्या ‘इंडियन्स रिलीफ ॲक्ट’ने हे माप बदलले: भारतीय धर्मानुसार झालेला एकपत्नी विवाह पतिपत्नींच्या संयुक्त अर्जावरून नोंदविता येऊ लागला.