परसांतील लांकडी ओटा

यंत्रें व त्यांचे सुटे भाग ज्या लांकडी चौकटींवर बसवून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत येतात, त्या चौकटी पुढें भंगारांत निघतात. चिखलीजवळच्या कुदळवाडींतील भंगाराचीं बरीच गोदामें महापालिकेनें फेब्रुवारी २०२५ मध्यें पाडलीं. तरी पाइनच्या फळ्या या पट्ट्यांत दुर्मिळ नाहींत. त्यांचा बुटका ओटा मागील दारीं घरच्या घरीं करतां येतो. अमरकोशांत 'वितर्दि' व 'वेदिका' हे पर्याय आहेत. हल्लींचीं मुलें 'डेक' म्हणतात. श्रावणांत शेवाळलेल्या फरशीवरून तुळशीपर्यंत जाणाऱ्या वृद्धांची सोय व्हावी, एवढाच आमचा हेतु.

फळी घेण्यापूर्वीं तिच्यावरील शिक्का वाचावा. लांकडांतून कीड देशोदेशीं जाऊं नये म्हणून २००२ सालीं आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्याप्रमाणें गव्हाच्या लोंबीच्या चित्राशेजारीं रोमन अक्षरें छापतात. 'एच टी' म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटें दिलेलें लांकूड, तें घ्यावें. 'एम बी' म्हणजे मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलें. वायु केव्हांच उडून गेला, असें विक्रेता सांगेल. तरी जेथें मुलें अनवाणी खेळावयाचीं तेथें तें नको. तेलकट डागांचें लांकूड फुकट मिळालें तरी घेऊं नये. त्यावर काय सांडलें होतें, कोणास ठाऊक? शिवाय उष्णतेनें आंतली कीड मरते. पुढें लागणारी वाळवी अडत नाहीं.

म्हणून लांकूड मातीस टेकूं देऊं नये. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते; ती मुरूम लागेपर्यंत उकरावी व ठोकलेल्या मुरुमावर दगडी फाड्या बसवाव्या. फाडी व तुळई यांमध्यें मोटारीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. (आमच्या भागांत ही वस्तु शोधावी लागत नाहीं, पायांत येते!) तुळया फुटाफुटावर असाव्या, आणि ओटा भिंतीपासून चार बोटें सुटा. सांडपाण्याच्या चेंबरवरील भाग उचलतां येईल असा ठेवावा. रंध्यापूर्वीं जुने खिळे चुंबकानें शोधावे. फळ्यांमध्यें पाव इंच फट हवी. ओलें लांकूडहि निसरडें होतें, तेव्हां पावसाळ्यांत दर आठवड्यास खराटा फिरवावा. उंची वीतभर पुरे. त्याहून उंच बांधणें असेल तर सुतारास बोलवावें. हौसेनें तेथें हात घालूं नये.

शेवटीं बेलतेलाचे दोन हात द्यावे. तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यांत टाकूं नये, हें घरांतील सर्वांस बजावून सांगावें. तें तेल वाळतांना उष्णता सोडतें, आणि गोळा विस्तवावांचून पेटूं शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या.

पाइन म्हणजे सागवान नव्हे. दर वर्षीं मृगापूर्वीं प्रत्येक फळी दाबून पाहावी, दबेल ती त्याच दिवशीं बदलावी. त्यासाठीं चारसहा फळ्या माळ्यावर राखून ठेवाव्या.