सोपाऱ्याचा लेख आणि त्याचा धनी

माननीय आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका, यांस,

सोपाऱ्याच्या स्तूपाविषयीचा एकच लेख गेल्या पंधरवड्यात मला तीन व्हॉट्सॲप समूहांतून आला: प्रथम निनावी, मग ‘संकलन’ या शब्दाखाली भलत्याच गृहस्थांच्या नावाने, आणि अखेर मूळ लेखाकडे नेणारा दुवाही छाटलेला असा. अशोकाचा शिलालेख स्तूपातच मिळाला, असे त्यात ठामपणे लिहिले होते. वास्तविक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बुरुड राजाच्या कोटात स्तूप खणला तेव्हा तेथे अस्थिकरंडक व आठ बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी गावातल्या एका तळ्याजवळ मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावी. ही चूक मूळ लेखकाची, की वाटेत कुणाचा हात लागून झालेली, हे मी कोणास विचारावे? ज्याने नाव पुसले त्याने लेखकाचा मान तर हिरावलाच, पण दुरुस्तीचा रस्ताही बुजवला, आणि हे दुसरे नुकसान मला अधिक सलते.

दुसरीकडचा मजकूर घेताना त्याखाली ‘साभार’ छापण्याचा शिरस्ता आपल्या नियतकालिकांत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलमही, हक्क विकल्यानंतरसुद्धा, कर्तृत्व आपले म्हणून सांगण्याचा अधिकार लेखकापाशी ठेवते. समाजमाध्यमांवर एवढेच अपेक्षित आहे: लेखकाचे नाव, नियतकालिक, तारीख आणि दुवा शाबूत ठेवावा; छायाचित्र असेल तर ते टिपणाऱ्याचे नाव कापू नये.

हे आपणांस लिहिण्याचे कारण असे की, सरकारी दफ्तरात येणारा कागद कोणाकडून व कोणत्या तारखेस आला याची बारनिशीत नोंद झाल्यावाचून तो पुढे सरकत नाही, आणि हीच शिस्त नागरिकांच्या अंगवळणी पाडण्याचा अधिकार व प्रतिष्ठा आपल्या संस्थेकडे आहे. पावसाळ्यात तिची निकड तर फारच. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले, लोकल थांबल्या. त्या दिवसांतले एखादे छायाचित्र तारीख काढून आज कुणी धाडले, तर घरी लहान मूल वा आजारी माणूस असलेल्या कुटुंबाची काय अवस्था होईल, याची कल्पना आपणांस असेलच.

तरी पावसाळ्यापूर्वीच्या जाहीर सूचनांत एक ओळ याविषयी घालावी, आणि किल्ला, स्तूप वा तलाव यांबद्दल पालिकेतर्फे प्रसृत होणाऱ्या प्रत्येक मजकुराखाली आधार नमूद करण्याचा हुकूम काढावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
नालासोपाऱ्यातील एक करदाता