४५ लाख कोटी चर्चेविना मंजूर. मग सरकारचा खर्च तपासतं कोण?

२३ मार्च २०२३. लोकसभेत दोन्ही बाजूंचा गदारोळ सुरू होता. त्यातच २०२३-२४ च्या सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला काही मिनिटांत मंजुरी मिळाली. अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा फेब्रुवारीत झाली होती. पण कोणत्या मंत्रालयाला किती पैसे द्यायचे, यावर एक शब्दही नाही.

याला 'गिलोटिन' म्हणतात. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या अनुदान मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. हे दरवर्षीच होतं. त्या वर्षी मात्र एकही मागणी चर्चेला आली नाही.

मग हे आकडे कुणी पाहिलेच नाहीत का? पाहिले, पण बंद दाराआड. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत २४ स्थायी समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारलं जातं: गेल्या वर्षीचे पैसे का उरले? उरले, तर यंदा जास्त कशाला? समोर कॅमेरा नसल्यानं इथे पक्षापेक्षा कागद जास्त बोलतो. अडचण वेळेची. काही समित्यांकडे अनेक मंत्रालयं आणि हाताशी जेमतेम काही आठवडे.

खरी मेख पुढे आहे. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. सरकारनं तीन महिन्यांत उत्तर द्यावं, एवढीच अपेक्षा. कपात सूचनेसारखं काही अहवालात लिहायचं नाही, असं नियमच सांगतो. मागणी नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ११३ नुसार लोकसभेचा. म्हणजे ज्या सभागृहाला कात्री चालवता येते, तिथे गोंधळ. आणि जिथे हिशेब वाचला जातो, तिथे कात्रीच नाही.

पैसे खर्च झाल्यावर 'कॅग' लेखापरीक्षण करतं आणि ते अहवाल लोकलेखा समितीपुढे येतात. २२ खासदारांच्या या समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेनुसार विरोधी पक्षाकडे असतं. समितीची मुदत एकच वर्ष, त्यामुळे निवडक विषयच तपासून होतात. आणि तोवर काळ बराच पुढे गेलेला असतो. २०२३ च्या त्या मागण्या मंजूर करणारी सतरावी लोकसभा २०२४ मध्ये संपली. त्या वर्षाचा हिशेब विचारणं हे आता अठराव्या लोकसभेतल्या समितीचं काम आहे.